गाळणीवाले साहेब

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकोला सोडायला आलेला एक माणूस आमच्या बाहेरच्या खोलीत बसला. त्यानं वाटीतला काटेरी हलवा उचलला, एक दाणा तोंडात टाकला, चार दाणे रुमालात बांधले आणि रुमाल खिशात घातला. आई पडद्याआडून बघत होती. "भल्या घरचा दिसतो, पण लक्षण काही बरं नाही," असं ती माझ्या कानात म्हणाली. तिसऱ्या दिवशी तो माणूस पुन्हा दारात उभा. "हा हलवा कोणी केला?" आईला वाटलं, कोणाला तरी बाधला. तिनं घाईघाईनं माझ्याकडे बोट दाखवलं.

"बाई, मी तुमचे दाणे पाण्यात घालून बसलो होतो," ते मला म्हणाले. माझं वय एकोणीस, मला तोवर कोणी बाई म्हटलेलं नव्हतं. "एकेक पूट सुटत गेलं. चारही दाण्यांची सारखीच पुटं. तुम्ही घाई करत नाही. गोळ्यांवर साखर चढवायचं काम कराल का?"

अशी माझी नोकरी लागली. कोणाचा वशिला नाही, अर्ज नाही, चार दाण्यांवर काम झालं.

मध्य प्रदेश तेव्हा नवा होता. राजधानी भोपाळला गेल्याचा राग इंदूरच्या ओट्याओट्यांवर अजून ताजा होता आणि लोक पोह्यांबरोबर तो रोज चघळत. आम्ही स्नेहलतागंजात राहायचो, दादा रेल्वेत क्लार्क होता, वडील मी लहान असतानाच गेले होते. घरापासून पायी पंधरा मिनिटांवर सेठजींचा कारखाना. तिथे ताकदीच्या गोळ्या, कॅल्शियमच्या गोळ्या आणि बाळंतिणी-गर्भारणींसाठी रक्तवाढीच्या लाल गोळ्या बनत. या सगळ्यांचा एकच केमिस्ट, तो म्हणजे हा हलवाचोर. त्यांचं नाव मी सांगत नाही, त्यांना आवडलं नसतं. समोर आम्ही त्यांना साहेब म्हणत असू आणि माघारी गाळणीवाले साहेब.

गोळीवर साखर चढवणं आणि हलवा करणं यात फरक फार थोडा. हलव्याला पातेलं आणि बोटं, इथे तांब्याची मोठी फिरती कढई. आत दाबून केलेल्या पांढऱ्या गोळ्या. आधी त्यांच्यावर स्पिरिटात विरघळवलेल्या लाखेचे दोन हात द्यायचे, म्हणजे वरच्या पाकाचं पाणी गोळीत शिरत नाही. मग पाक, मग लाल पाक, शेवटी मेणाची चकाकी. पहिल्या आठवड्यात सवयीनं माझ्या गोळ्यांना काटे आले. माझ्या मते ते फार सुरेख आले होते. साहेबांनी एक गोळी चिमटीत धरली आणि म्हणाले, "बाई, ही गिळायची आहे. लेकराच्या गळ्यात घालायची नाही." तो सगळा घाणा धुऊन मला पुन्हा करायला लावला.

आता गाळणीचं सांगते. गोळी पोटात गेल्यावर विरघळते की नाही हे बघायचं यंत्र मोठ्या कारखान्यांत असतं म्हणे. आमच्याकडे चहाची गाळणी होती. काचेच्या भांड्यात कोमट पाणी घ्यायचं. कोमट म्हणजे किती, ते साहेब कोपर बुडवून ठरवत, बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतात तसं. गाळणीत सहा गोळ्या टाकायच्या आणि गाळणी पाण्यात खाली-वर, खाली-वर करायची. लय चुकू नये म्हणून ते मोठ्यानं पावकी म्हणत. पाव, अर्धा, पाऊण, एक. पावकी झाली की निमकी, निमकीनंतर पाऊणकी. पाऊणकी संपायच्या आत गाळणी रिकामी झाली तर माल पास. भिंतीपलीकडच्या पॅकिंगच्या बायकांना वाटायचं, साहेब शाळा चालवतात.

पण पास म्हणून ते कधी म्हणत नसत. "अजून वाईट दिसलं नाही," एवढंच म्हणायचे आणि सही करायचे.

नमुना आपण हातावर ठेवला तर घ्यायचेच नाहीत. स्वतः बाही वर करून पिंपाच्या तळाशी हात घालायचे, नाहीतर कोपऱ्यातून काढायचे. "दाखवायला आणलेली मुलगी आणि दाखवायला आणलेला नमुना, दोघंही त्या दिवशी वेणीफणी करूनच येतात," म्हणायचे.

एकदा मी म्हटलं, "आणि बघायला आलेला मुलगा?"

त्यांनी खरंच विचार केला. "त्याची तर तपासणीच कोणी करत नाही," म्हणाले. "हे चूक आहे, बाई. फार चूक आहे." मग दिवसभर अस्वस्थ होते.

त्यांना लग्नाला बोलवायचं की नाही यावर घराघरांत वाद व्हायचे, कारण पानात पडलेला लाडू ते खात नसत, फोडत. शेजाऱ्याच्या पानातलाही मागून घ्यायचे. एका लग्नात त्यांनी पाच लाडू फोडून बेदाणे मोजले आणि वाढप्यालाच पकडलं. "पहिल्या लाडवात सात, या तिन्हींत एकही नाही. तुम्ही बेदाणे शेवटी एकदम ओतले ना? आधी मूठभर बुंदीत कालवायचे, मग ती मूठ दोन मुठींत, मग चारांत. सरासरी काढली तर तुमचा हिशेब बरोबर येईल हो, पण सरासरी लाडू कोणाच्या पानात पडतो?" मुलीचे वडील हात जोडून उभे. काकू, म्हणजे साहेबांची बायको, पदरात तोंड लपवून हसत होत्या. जीवनसत्त्वाची चिमूटभर पूड मणभर मालात कशी कालवायची, हे मी कारखान्यात नाही, त्या मांडवात शिकले.

काकूंचं मला नेहमी नवल वाटायचं. प्रत्येक घाण्यातली एक बाटली साहेब घरी न्यायचे आणि स्वयंपाकघरात चुलीवरच्या फळीवर ठेवायचे. लोक गोळ्या काही कपाटात जपून ठेवत नाहीत, वाफेत आणि धुरातच ठेवतात, तर तिथे त्यांचं काय होतं ते बघायला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे काकूंची हळद, हिंग, मोहरी सगळं जमिनीवर आलेलं. सहा महिने झाले की एकेका बाटलीची गाळणीत जायची पाळी यायची. शिवाय महिन्यातून एकदा ते बसनं सांवेरला जायचे आणि तिथल्या दुकानातून आपल्याच कारखान्याची बाटली विकत घेऊन यायचे. उन्हात ठेवलेली असेल ती मागायचे.

"कारखान्यातली बाटली माहेरी असते," ते मला सांगायचे. "माहेरी तब्येत चांगलीच असणार. सासरी कशी आहे, ते बघायला नको?"

मी तेव्हा हसायचे. पुढे आमच्याच घरात असं काही घडलं, की ते वाक्य आठवून मला हसू येत नाही.

झालं असं. दादाचं लग्न झालं, वहिनी देवासची. साधी, हसरी, थोडी भित्री. दिवाळीच्या सुमारास तिला सहावा महिना होता. चेहरा पांढराफटक, जिना चढला की धाप. डॉक्टरीणबाईंनी रक्तवाढीच्या गोळ्या सांगितल्या. मी ऐटीत कारखान्यातून बाटली आणून दिली. "मी साखर चढवलेल्या आहेत बरं का," असंही सांगितलं. महिना गेला, वहिनीचा रंग काही बदलेना. डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं, पापणी खाली ओढून बघितली आणि विचारलं, "गोळ्या घेतेस? मग शौचाला काळं होतं का?"

वहिनी म्हणाली, "नाही."

"लोहाच्या गोळ्या घेतल्या की काळं होतंच. म्हणजे तू घेत नाहीस."

आई तिथेच बसली होती. तिच्या दृष्टीनं प्रकरण तिथेच संपलं. घरी आल्यावर वहिनी परत परत सांगत राहिली, "खाते ना मी आई, सच्ची खाते. देवाशपथ." आई म्हणाली, "शपथा नको. डॉक्टरला काय स्वप्न पडतंय?" दुसऱ्या दिवसापासून आई स्वतः तिच्या तळहातावर गोळी ठेवायची, पाणी द्यायची आणि तोंड उघडून दाखवायला लावायची. तरीही पुढच्या खेपेला उत्तर तेच, रंगही तोच. आईनं ठरवून टाकलं, की ही गोळी जिभेखाली लपवते आणि थुंकते. दादा वर्तमानपत्रात डोकं घालून बसला. मीही काही कमी नव्हते. मीही एकदा म्हटलं, "वहिनी, कडू लागतात का गं? खरं सांग ना."

मग आईनं देवासला पत्र लिहिलं. तुमची मुलगी पोटातल्या जिवासाठी दिलेल्या गोळ्या फेकून देते आणि वर शपथेवर खोटं बोलते, असं. वहिनी बाळंतपणाला पंधरा दिवसांत माहेरी जायची होती. तिकडून तिच्या वडिलांचं दोन ओळींचं उत्तर आलं, की तू आम्हाला मान खाली घालायला लावलीस. ते वाचल्यापासून ती बोलेनाशी झाली, आणि माहेरी जायचे दिवस मोजणारी मुलगी तो विषय निघाला की उठून जाऊ लागली.

एके दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालताना ती हळूच म्हणाली, "वन्सं, एक सांगू? हसू नका. आणि आईंना तर बिलकुल नका सांगू. ती गोळी ना... तशीच बाहेर येते."

"तशीच म्हणजे?"

"अख्खी. लाल रंग गेलेला, पिवळी, चकचकीत. दोनदा पाहिली मी. असं कोणाला सांगू मी?"

मला खरं तर तेव्हाच धावत कारखान्यात जायला हवं होतं. मी दोन दिवस घालवले. अशी गोष्ट साहेबांसारख्या माणसाला कोणत्या तोंडानं सांगायची? तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या टेबलापाशी उभी राहून पदराचं टोक पिळत म्हटलं, "साहेब, घरी एकजण गोळ्या घेते, तर तिला... म्हणजे असं, की गोळी पोटात..."

"राहते?"

"राहत नाही. सकाळी..."

"अख्खी?" ते एवढ्यानं ओरडले, की पलीकडे पॅकिंगच्या बायकांचे हात थांबले. "लाल रंग गेलेला? पिवळी चकाकी होती का वर?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "होती," मी म्हटलं.

"आणि काळं होत नाही?"

"नाही."

"पाणी गरम करा!"

त्यांनी घाणा विचारला. श्रावणातला. त्याच घाण्याची गोदामातली एक बाटली फोडली, तळातल्या सहा गोळ्या गाळणीत टाकल्या. पावकी झाली. निमकी झाली, पाऊणकी झाली. गोळ्या आंघोळ केल्यासारख्या लखलखत होत्या. साहेबांनी पहिल्यापासून सुरुवात केली. लाल रंग उतरला, साखर उतरली, पण आत एक पिवळसर कवच होतं ते काही केल्या फुटेना. पॅकिंगच्या बायका दारात गोळा झाल्या होत्या. साहेबांनी गाळणी खाली ठेवली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "बाई, लाखेचे हात किती दिलेत?"

वहीत दोन लिहिलेले होते. मीच लिहिले होते. दोन म्हटलं असतं तर विषय लाख विकणाऱ्यावर गेला असता. पण माझ्या डोळ्यांपुढे वहिनीचं उघडं तोंड आलं आणि त्यात वाकून बघणारी आई.

"चार," मी म्हटलं.

आषाढातल्या गोळ्यांना पावसात पाणी सुटलं होतं, बाटलीत चिकटून गोळा झाला होता आणि सेठजी सगळ्यांदेखत मला बोलले होते. हलवा सर्दाळत असला, की घरी आम्ही एक हात जास्त देतो. मी तेच केलं. एक नाही, दोन हात जास्त. गोळ्या इतक्या देखण्या झाल्या की सेठजींनी स्वतः येऊन कौतुक केलं. यात सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही, कारण आमच्या घरी देखणा आणि टिकाऊ हलवा हाच चांगला हलवा.

मला वाटलं, आता नोकरी गेली. पण साहेबांच्या चेहऱ्यावर चक्क आनंद पसरला. "चार! सापडलं!" म्हणाले. खुर्चीत बसले आणि पुन्हा उठले. "ताजी होती तेव्हा गाळणीतून गेली, कारण लाख ओली होती. महिन्या-महिन्यानं ती कडक होत गेली. माझ्या फळीवरच्या बाटलीची पाळी अजून यायची होती, सांवेरहून आणलेल्या बाटल्या श्रावणाआधीच्या निघाल्या. मी ताज्या मालावर सही केली, बाई. हात तुमचा, पण डोळे माझे होते." त्यांनी माझ्या वहीतल्या दोनवर काट मारून चार लिहिलं आणि शेजारी स्वतःची सही केली. मी तिथेच रडले आणि वहिनीचं सगळं सांगून टाकलं. इतकं हलकं मला फार दिवसांत वाटलं नव्हतं.

सेठजी मात्र ऐकेनात. "साब, चार महिने से माल बिक रिया है. किसी दुकानवाले की शिकायत आई क्या?"

"आई है," साहेब म्हणाले. "एक बहू ने करी. घर में किसी ने मानी नहीं, बस."

"एक के पीछे सारा माल वापस मँगवा लूँ? क्या बात कर रिये हो!"

"आपके घर में भी छोटी बहू यही गोली लेती है, सेठजी. श्रावणवाली."

सेठजी म्हणाले, "मँगवा लो." माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त गोळी चमकायला हवी असायची. त्याच दुपारी साहेब सांवेरची बस धरून गेले आणि तिथल्या दवाखान्यातून, दुकानांतून मिळतील तेवढ्या बाटल्या गोणीत भरून मांडीवर घेऊन आले. बसमध्ये शेजारच्या शेतकऱ्यानं विचारलं, गोणीत काय आहे? हे म्हणाले, "माझी चूक." तो बिचारा उठून दुसरीकडे बसला, असं त्यांनीच मला सांगितलं.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणाला घोर नको. नव्या गोळ्या वहिनीला लागू पडल्या. आठवड्याभरात तिनं लाजत लाजत मला खूण केली, आणि काळं झालं या बातमीचा आमच्या घरात जेवढा आनंद झाला तेवढा दादाच्या बढतीचाही झाला नव्हता. फाल्गुनात देवासला तिला मुलगी झाली. गुटगुटीत, आणि तेव्हापासून आजतागायत आवाजानं घर डोक्यावर घेणारी.

पण मला आठवते ती नव्या गोळ्या घरी आल्या ती सकाळ. आईला खरं सांगायचं धैर्य मला आदल्या संध्याकाळी झालंच नव्हतं. साहेब स्वतःच आले. बाहेरच्या खोलीत बसले, बाटली टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "सूनबाईंना बोलवा."

आई म्हणाली, "तुम्ही तरी चार शब्द सांगा हो. आमचं ऐकत नाही ती."

वहिनी डोक्यावर पदर घेऊन दाराशी उभी राहिली. पुन्हा एकदा कोणीतरी रागवायला आलंय, असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. साहेब उठून उभे राहिले आणि त्यांनी तिला हात जोडले. बावीस वर्षांच्या मुलीला, तिच्या सासूसमोर.

"मी माफी मागायला आलोय," ते म्हणाले. "गोळी तुम्ही रोज घेत होता. गोळीच उघडत नव्हती. तुम्हाला प्रश्न विचारला, तुम्ही खरं उत्तर दिलंत आणि त्याच उत्तरावरून आम्ही सगळ्यांनी तुम्हाला खोटं ठरवलं."

"लाख मी जास्त लावली होती, वहिनी," मी म्हटलं.

वहिनी माझ्याकडे बघत राहिली. मग महिनाभर न रडलेली ती मुलगी दाराची चौकट धरून रडायला लागली. आई तिच्याकडे बघेना, माझ्याकडे बघेना, टेबलावरची बाटली सरळच होती तरी ती सरळ करत राहिली. रडणं थांबल्यावर वहिनीनं डोळे पुसले आणि साहेबांना म्हणाली, "साहेब, एवढं देवासला लिहून द्याल? माझ्या बाबांना?"

साहेबांनी तिथेच कागद मागितला. त्यांना पत्र लिहिता येत नसे, फक्त अहवाल लिहिता यायचा. मी त्यांच्या खांद्यावरून वाचत होते. नमुना, रक्तवाढीची गोळी, श्रावणातला घाणा. तपासणी, कोमट पाण्यात. निकाल, विरघळली नाही. कारण, लाखेचे हात जास्त आणि तपासणाऱ्याची चूक. त्याच्या खाली एक रेघ मारून त्यांनी लिहिलं, गोळी घेणारी व्यक्ती नियमित घेत होती आणि विचारल्यावर प्रत्येक वेळी खरं सांगत होती. खाली त्यांनी सही केली.

"माझं पण नाव लिहा ना," मी म्हटलं.

"अहवालावर एकाचीच सही असते, बाई," ते म्हणाले आणि कागदाची घडी घालू लागले.

तेवढ्यात आईनं हात पुढे केला. "थांबा. पेन द्या इकडे," ती म्हणाली. "पहिलं पत्र मी लिहिलं होतं."